नोड काढू नकोस, म्यूट कर

वाचकांचे प्रश्न, थ्रीडी ग्राफिक्स

एआय एजंटला नोड ग्राफमध्ये हात घालू द्यावा का, हा प्रश्न मागच्या वेळी मी दोन परिच्छेदांत उरकला होता. ‘द्यावा, पण जपून’ असं काहीतरी गुळमुळीत लिहिलं. त्यावर आलेली पत्रं वाचल्यावर कळलं की खरी गोष्ट त्या ‘जपून’मध्येच होती आणि तीच मी सांगितली नव्हती. म्हणून हे अख्खं सदर तेवढ्यासाठी. पत्रं थोडी कापली आहेत, प्रत्येक पत्राखाली माझं उत्तर आहे.

नवख्यांसाठी चार ओळी. नोड म्हणजे एक छोटी क्रिया करणारी पेटी. पेटीच्या कडेला सॉकेट असतात, सॉकेटांमध्ये वायर, म्हणजे लिंक, जोडल्या की नोड ग्राफ होतो आणि त्यातून मटेरियल किंवा आकार घडतो. इथे एजंट म्हणजे चॅटमध्ये कोड लिहून थांबणारा मदतनीस नव्हे. तो ब्लेंडर किंवा हूडिनी या थ्रीडी सॉफ्टवेअरना थेट जोडलेला असतो. ग्राफ वाचतो, बदलतो, काय झालं ते बघतो आणि पुढचं पाऊल स्वतःच ठरवतो. अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी हा एआयला इतर सॉफ्टवेअरशी जोडणारा मोकळा प्रोटोकॉल जाहीर केल्यापासून अशी जोडणी करणं पुष्कळ सोपं झालं आणि पुढच्याच वर्षी ब्लेंडरसाठी तशी ॲड-ऑन आली.

ताई, मी अजून शिकते आहे. दोन टेक्स्चरचे रंग मिसळून शेडरला (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणाऱ्या नोडला) जोडायला एजंटला सांगितलं. त्याने मिक्स नोड टाकला आणि ‘लिंक जोडल्या’ म्हणाला. मला स्क्रीनवर एकही वायर दिसत नाही आणि मटेरियलही जसंच्या तसं आहे. मी तीनदा सांगितलं. तीनदा त्याने माफी मागितली आणि पुन्हा तेच केलं. खोटं बोलतोय का तो?

खोटं बोलत नाही. तुझे डोळेही ठीक आहेत. लिंक आहे, पण ती न दिसणाऱ्या सॉकेटला जोडलेली आहे.

ब्लेंडर ३.४ मध्ये, म्हणजे डिसेंबर २०२२ मध्ये, जुन्या मिक्स-आरजीबी नोडच्या जागी नवा मिक्स नोड आला. जुन्याचा हिशेब सरळ होता: शून्य क्रमांकावर फॅक्टर, एकवर पहिला रंग, दोनवर दुसरा. नवा नोड आकडे, व्हेक्टर आणि रंग सगळंच मिसळतो. त्यासाठी प्रत्येक प्रकाराचे वेगळे सॉकेट त्याच्या पोटात कायम असतात आणि तू निवडलेल्या प्रकाराचे तेवढे दिसतात. रंगाचे ‘ए’ आणि ‘बी’ आता सहा आणि सात क्रमांकावर आहेत आणि रंगाचं आउटपुट दोनवर. तुझ्या एजंटने वर्षानुवर्षांचे जुने पायथन कोड वाचलेले आहेत. त्याच्या हाताला एक आणि दोनची सवय आहे. त्या क्रमांकांवर आता व्हेक्टरचा फॅक्टर आणि साध्या आकड्याचा ‘ए’ बसले आहेत, आणि तुझ्या निवडीत ते दोघेही झाकलेले. ब्लेंडर त्याला अडवत नाही, एररही देत नाही. लिंक यादीत जाते, स्क्रीनवर येत नाही आणि रेंडरमध्ये तिचा काही उपयोग नाही.

नावाने बोलावलं तर सगळं ठीक होईल असंही नाही. मॅथ नोडच्या सगळ्या इनपुटचं नाव ‘व्हॅल्यू’च आहे. नावाने मागितलं की पहिलंच हाती येतं. एजंट दोन वायर त्याच एका इनपुटला जोडतो, दुसरी जोडली की पहिली गळून पडते आणि बेरजेत एकच संख्या उरते.

त्याला असं सांग: सॉकेट क्रमांकाने किंवा नावाने शोधू नकोस, आयडेंटिफायरने शोध. तो प्रत्येक सॉकेटला वेगळा असतो. रंगाच्या ‘ए’चा आयडेंटिफायर ‘ए अंडरस्कोर कलर’ असा आहे. आणि काम झाल्यावर प्रत्येक लिंकची एक ओळ छापून घे: कुठल्या नोडच्या कुठल्या सॉकेटमधून कुठल्या नोडच्या कुठल्या सॉकेटकडे, आणि दोन्ही सॉकेट ‘एनेबल्ड’ आहेत का. एका तरी ओळीत ‘नाही’ आलं तर काम झालेलं नाही, तो काहीही म्हणो.

जाता जाता: ४.० मध्ये प्रिन्सिपल्ड शेडरच्या बऱ्याच इनपुटची नावंही बदलली. ‘ट्रान्समिशन’चं ‘ट्रान्समिशन वेट’ झालं, ‘एमिशन’चं ‘एमिशन कलर’ झालं. तिथे एजंट चुकला तर लाल अक्षरांत एरर येते आणि तो स्वतःच सुधारतो. मला बोंब मारणाऱ्या चुकांची भीती वाटत नाही. गप्प बसणाऱ्यांची वाटते.

मी ॲनिमेशन करतो. जिऑमेट्री नोड्सचा एक ग्राफ खूप पसरला होता. ‘जरा नीटनेटका कर, रिझल्ट बदलू नकोस’ एवढंच सांगितलं. ग्राफ खरोखर सुंदर झाला, पहिल्या फ्रेमला रिझल्टही तोच. रेंडर लावला आणि पाहिलं तर वाढणारी वेल वाढतच नाही. कीफ्रेम (कुठल्या फ्रेमला किती किंमत, या नोंदी) गायब. तीन दिवसांचं टायमिंग होतं ते.

तुमचं पत्र वाचून पोटात खड्डा पडला, कारण मी यातून गेले आहे. माझ्या वेळी वेल नव्हती, एक उलगडत जाणारा कापडाचा पट्टा होता आणि दुसऱ्या दिवशी तो दाखवायचा होता. मीही ‘नीटनेटका कर’ असंच म्हणाले होते. हे दोन शब्द मी आता एजंटसमोर उच्चारत नाही.

काय होतं ते बघा. आपण वायर सरळ करतो, फ्रेम घालतो, नोड सरकवतो, त्याला आवरणं म्हणतो. एजंटला सोपं जातं ते जुनं सगळं काढून नव्याने रचणं. त्याच्या दृष्टीने ग्राफ म्हणजे मजकूर आणि मजकूर खोडून पुन्हा लिहायला त्याला कष्ट पडत नाहीत. पण नोड म्हणजे नुसती पेटी नसते. बाहेरून कितीतरी गोष्टी त्याला नावाने ओळखतात. कीफ्रेमचा पत्ता ‘अमुक नावाच्या नोडच्या तमुक क्रमांकाच्या इनपुटची किंमत’ असा असतो, ड्रायव्हरचाही, म्हणजे एका किमतीवरून दुसरी चालवणाऱ्या सूत्राचाही, तसाच. तुम्ही नोडचं नाव बदललंत तर ब्लेंडर तो पत्ता सुधारून घेतो. नोड काढलात तर त्याच्यावरचं ॲनिमेशनही त्याच्याबरोबर जातं. मग एजंटने त्याच प्रकारचा, त्याच किमतीचा नवा नोड त्याच जागी ठेवला तरी तो जुना नोड नव्हे. चालू फ्रेमची किंमत त्याने इमानदारीने नकलली, म्हणून पहिल्या फ्रेमला सगळं जुळलं.

हूडिनीत मी जास्त वर्षं काढली आहेत. तिथे हे दुखणं वेगळ्या नावाने येतं. एका नोडचं पॅरामीटर दुसऱ्या नोडच्या मार्गावरून किंमत उचलत असतं. ‘बॉक्स-१’ काढून ‘बॉक्स-२’ ठेवला की ते संदर्भ हवेत लटकतात.

तेव्हापासून माझ्याकडे एजंटला नोड काढायची मुभा नाही. म्यूट करायची आहे. म्यूट केलेला नोड आत आलेलं शक्य तिथे तसंच पुढे सोडतो, त्याच्या किमती आणि कीफ्रेम जागेवर राहतात आणि स्क्रीनवर तो डोळ्यांत खुपत राहतो. ते खुपणंच मला हवं असतं. संध्याकाळी मी एकेक म्यूट नोड बघते, खरंच नको असेल तर स्वतः काढते. यात ग्राफ थोडा गबाळा राहतो. राहू दे.

दुसरं, मी कधीही थेट ‘बदल’ म्हणत नाही. आधी त्याच्याकडून ग्राफ वाचून घेते: सगळ्या नोडची नावं, प्रकार, डिफॉल्टपासून वेगळ्या किमती, सगळ्या लिंक आणि कुठल्या सॉकेटवर कीफ्रेम किंवा ड्रायव्हर आहे ते. हा मजकूर फाइलमध्ये ठेवते. मग त्याला एक प्रश्न विचारते ज्याचं उत्तर मला माहीत आहे. ‘हा ०.३७ने गुणणारा मॅथ नोड कशासाठी आहे?’ त्याने ‘स्केल ॲडजस्ट करण्यासाठी’ असं मोघम उत्तर दिलं की समजावं, याने ग्राफ वाचला नाही, फक्त मोजला. ‘पानांचा आकार फांदीच्या जाडीशी जोडण्यासाठी’ असं म्हणाला तर पुढे जाते. मग तो बदलाचा बेत सांगतो: नवे नोड कोणते, कुठल्या लिंक तुटणार, कुठल्या किमती बदलणार. मी हो म्हटल्यावर करतो आणि पुन्हा तोच मजकूर छापतो. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून फरक बघायला दोन मिनिटं लागतात.

ही मजकुराची खटपट ब्लेंडरमध्ये करावीच लागते, कारण ब्लेंड फाइल बायनरी आहे. तिच्या दोन आवृत्त्यांत काय बदललं ते उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. न्यूक या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरची स्क्रिप्ट मुळातच मजकूर असते. मटेरियल-एक्सच्या फाइल एक्सएमएलमध्ये असतात. लुकासफिल्ममध्ये २०१२ साली ते सुरू झालं तेव्हा हेतू एका सॉफ्टवेअरमधलं मटेरियल दुसऱ्यात नेण्याचा होता. एजंटला वाचता येईल असा ग्राफ हा त्यातला आयता फायदा.

तुमच्या कीफ्रेमबद्दल: ब्लेंडर सेव्ह करताना आधीची फाइल ‘ब्लेंड-१’ म्हणून शेजारी ठेवतो. एजंटच्या कामानंतर एकदाच सेव्ह केलं असेल तर तीत ॲनिमेशन सापडेल. त्या फाइलमधून जुना नोड ग्रुप, म्हणजे एकत्र बांधलेला तो ग्राफ, अपेंड करून (या फाइलमध्ये आणून) घ्या. दोनदा केलं असेल तर ऑटोसेव्हच्या फोल्डरमध्ये बघा. कंट्रोल-झेडवर मात्र विसंबू नका. तुम्ही हाताने काही केलंत की अन्डूची पायरी आपोआप पडते. बाहेरून आलेल्या स्क्रिप्टने परस्पर केलेल्या बदलाला स्वतःची पायरी मिळेलच असं नाही. मग एक अन्डू मारला की एजंटच्या कामाबरोबर तुमचं त्याआधीचं कामही जातं. एजंटला प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर ‘अन्डू पुश’ करायला लावा. हूडिनीत सगळा बदल एका अन्डू गटात बांधता येतो, तिथे हे जास्त सरळ आहे.

एका मटेरियलचा रफनेस (खरखरीतपणा) कमी करायला सांगितला, तर आठ मटेरियल चकाकायला लागली!

आठही मटेरियल एकच नोड ग्रुप वापरतात आणि एजंटने ग्रुपच्या आत जाऊन बदल केला. ग्रुपच्या नावाशेजारी जो आकडा दिसतो, तो किती ठिकाणी वापरला आहे तो आकडा. हाताने काम करताना आपली नजर तिकडे जाते. एजंटला सांगावं लागतं: ग्रुपमध्ये शिरण्याआधी वापर किती आहे ते बघ, एकाहून जास्त असेल तर थांबून मला विचार. मग तुम्ही ठरवा, प्रत वेगळी करायची की रफनेस ग्रुपच्या बाहेर इनपुट म्हणून काढायचा. बहुतेक वेळा दुसरंच बरोबर असतं.

सूर्यप्रकाशाच्या कोनासाठी एका रोटेशनमध्ये ४५ टाकायला सांगितलं. वस्तू वळली, पण ४५ अंश नाही वाटत. साठच्या आसपास आहे. हे काय गौडबंगाल?

५८ अंश असेल, मोजून बघा. पडद्यावर ब्लेंडर अंश दाखवतो, पायथनमधून मात्र रेडियन घेतो. एजंटने ४५ रेडियन दिले, म्हणजे सुमारे २५७८ अंश. सात पूर्ण फेऱ्या वजा केल्या की ५८ उरतात. गंमत अशी की उत्तर अगदीच वेडंवाकडं नसल्यामुळे अशी चूक महिनोन्महिने टिकते.

या चुकीची रंगांतही एक बहीण आहे. हेक्स कोडमधला मधला करडा, म्हणजे २५५ पैकी १२८, एजंट सरळ ०.५ म्हणून भरतो. सॉकेटला लिनियर, म्हणजे प्रकाशाच्या प्रत्यक्ष प्रमाणातली, किंमत हवी असते, ती ०.२१६ च्या आसपास येते. तुमचा करडा फिकट का दिसतो याचं कारण बहुधा तेच. आणि नॉर्मल किंवा रफनेसची इमेज त्याने लावली असेल तर कलर स्पेस ‘नॉन-कलर’ आहे का ते बघाच.

मैदानावर गवत पसरायला सांगितलं आणि मशीनच गोठलं. एजंट म्हणत होता ‘कमांड टाइमआउट झाली, पुन्हा प्रयत्न करतो’. शेवटी पॉवर बटण दाबलं.

मैदान केवढं होतं ते तुम्ही लिहिलंत म्हणून हिशेब करता आला: १०० मीटर बाय १०० मीटर आणि घनता ५०००. ‘डिस्ट्रिब्यूट पॉइंट्स’ची घनता दर चौरस मीटरला असते. दहा हजार चौरस मीटर गुणिले पाच हजार, म्हणजे पाच कोटी बिंदू. एका बिंदूची जागा साठवायला १२ बाइट, तिथेच ६० कोटी बाइट गेले. पुढे प्रत्येक बिंदूवर गवताचं पातं बसवलं की प्रत्येक प्रतीमागे ६४ बाइटचं मॅट्रिक्स. हे आणखी सव्वातीन जीबीच्या घरात. पात्यांची जाळी तर अजून मोजलीच नाही. एजंटने कदाचित एक मीटरच्या चौकोनासाठी लिहिलेली कृती कुठेतरी वाचली असेल. तिथे ५००० अगदी योग्य आहे.

‘पुन्हा प्रयत्न करतो’ ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. ब्लेंडर गणनेत अडकला की एजंटला उत्तर पाठवू शकत नाही. एजंटला वाटतं सूचना पोचली नाही, तो तीच परत पाठवतो आणि रांग लागते. त्याला बजावून ठेवा: उत्तर आलं नाही तर थांब.

आणि गुणाकार आधी करायला लावा. कुठलाही वितरणाचा नोड जोडण्याआधी क्षेत्रफळ मोज, घनतेने गुण, आकडा मला सांग. दोन लाखांच्या वर गेला तर विचार. ही मर्यादा माझ्या मशीनची, तुम्ही तुमची ठरवा. शिवाय ‘इज व्ह्यूपोर्ट’ नावाचा नोड आहे, त्याला स्विच जोडून व्ह्यूपोर्टमध्ये (काम करतानाच्या दृश्यात) विरळ आणि रेंडरमध्ये दाट ठेवता येतं. एजंट हे आपणहून सुचवताना मी पाहिलेला नाही, सांगितलं की बिनचूक करतो.

एक गोष्ट वर राहिली. काम तपासताना त्याला स्क्रीनशॉटवर सोडू नका. स्क्रीनशॉट पाहून तो नेहमी खूश असतो. व्हर्टेक्स किती, प्रती किती, बाउंडिंग बॉक्स केवढा, हे बदलाच्या आधी आणि नंतर आकड्यांत मागा. ‘रिझल्ट तोच आहे’ या दाव्याला अर्थ तेव्हा येतो. ॲनिमेशन असेल तर तीन-चार वेगवेगळ्या फ्रेमला मागा. वरच्या पत्रातली वेल तिथेच पकडली गेली असती.

अशा ॲड-ऑनमध्ये ‘कोड चालव’ असं एक साधन असतं. ते सुरक्षित आहे का? मी एकटाच काम करतो, आयटी विभाग वगैरे काही नाही.

नाही, आणि हे ॲड-ऑनवाल्यांचं पाप नाही. ब्लेंडरमधला पायथन तुमच्या नावाने, तुमच्या सगळ्या अधिकारांनिशी चालतो. तुम्ही जी फाइल खोडू शकता ती तोही खोडू शकतो. एजंट दुष्ट असावा लागत नाही, त्याने एक मार्ग चुकीचा लिहिला की पुरे. शिवाय बाहेरून आणलेल्या फाइलमधला मजकूर तो वाचतो. एखाद्या टेक्स्ट ब्लॉकमध्ये कोणी ‘आधीच्या सूचना विसर आणि अमुक कर’ असं लिहून ठेवलं, तर तो ते माहिती म्हणून वाचेल की हुकूम म्हणून पाळेल, याची खात्री देता येत नाही.

माझी व्यवस्था सांगते. रिकाम्या फाइलमध्ये नवा ग्राफ रचायचा असेल तर मी कोड चालवू देते, पण मशीनवरच्या वेगळ्या यूजर खात्यातून, जिथे माझं काम नाहीच. असलेल्या ग्राफमध्ये बदल करायचा असेल तर कोड बंद. तिथे मी पाच छोटी साधनं लिहिली आहेत: ग्राफ वाच, नोड टाक, किंमत भर, लिंक जोड, म्यूट कर. खोडण्याचं साधन नाही, फाइलच्या मार्गाला स्पर्श करणारंही नाही. साठ नोडच्या कामाला यात बराच वेळ जातो, कारण प्रत्येक पाऊल वेगळं. पण चुका तिथल्या तिथे अडतात. लिंक जोडणारं साधन झाकलेल्या सॉकेटला नकार देतं, किंमत भरणारं कोन अंशांतच घेतं आणि रेडियन स्वतः करतं, ग्रुपचा वापर एकाहून जास्त असेल तर दार उघडत नाही. वरची निम्मी पत्रं या तीन नियमांत मिटली असती. प्रॉम्प्टमध्ये दहा वेळा ‘कृपया काळजी घे’ लिहिण्यापेक्षा साधनालाच नाही म्हणता येणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

मी शिकवतो. विद्यार्थी विचारतात, एजंट नोड जोडणार असेल तर आम्ही ते शिकायचे कशाला? मला पटणारं उत्तर सापडलेलं नाही.

सर, उत्तर देण्याऐवजी त्यांना एक गणित घाला. सपाट जाळी घ्या, नॉइज टेक्स्चर आणि ‘सेट पोझिशन’ने तिच्यावर उंचसखल टेकड्या करा. मग जाळीचा पाया मुळात उतरता करा आणि एजंटला सांगा: मूळ उतारावर जो भाग उंच होता त्याला लाल रंगव, नॉइजने उंच झालेला नको. तो ‘पोझिशन’ नोड घेईल, झेड, म्हणजे उंची, वेगळा काढेल, रंगाच्या ॲट्रिब्यूटला (प्रत्येक बिंदूवर साठवलेल्या किमतीला) जोडेल. वायर बरोबर दिसतील. लाल रंग टेकड्यांच्या माथ्यावर येईल.

कारण ‘पोझिशन’ नोडमध्ये जागा साठवलेली नसते. ती एक कृती आहे, ब्लेंडर तिला फील्ड म्हणतो, आणि ३.० पासून सगळा जिऑमेट्री नोड्सचा डोलारा त्यावर उभा आहे. जिऑमेट्रीची वायर डावीकडून उजवीकडे वाहते. फील्डची वायर उलट वाचायची: उजवीकडचा नोड विचारतो, ‘माझ्यापाशी आत्ता जी जिऑमेट्री आहे तिच्यावर तुझं उत्तर काय?’ टेकड्या झाल्यावर विचारलं तर टेकड्यांची उंची मिळणार. मूळ उतार हवा असेल तर टेकड्यांच्या आधी ‘कॅप्चर ॲट्रिब्यूट’ने तो पकडून ठेवावा लागतो. तोच ‘पोझिशन’ नोड, तीच वायर, पण विचारणारा बदलला की अर्थ बदलतो.

एजंट इथे अडखळतो याचं मला नवल वाटत नाही. मजकूर ओळीने वाचत जाणाऱ्याला उलट वाचायचा ग्राफ अवघडच. आणि काही एजंट हे गणित पहिल्याच झटक्यात सोडवतीलही. सोडवलं तर विद्यार्थ्यांना म्हणा, आता ‘कॅप्चर ॲट्रिब्यूट’ कुठे ठेवला ते दाखवा आणि तो एक नोड पुढे सरकवला तर काय होईल ते न चालवता सांगा. ज्यांना सांगता येईल त्यांनी खुशाल एजंट वापरावा. इतरांच्या हातात माथ्यावरचा लाल रंग येईल आणि त्यात काय बिघडलं ते त्यांना दिसणारसुद्धा नाही.

रॉबर्ट कुक यांनी १९८४ मध्ये ‘शेड ट्रीज’ हा शोधनिबंध मांडला तेव्हा मुद्दा असा होता की सगळ्या पृष्ठभागांसाठी एकच ठरीव सूत्र वापरण्याऐवजी छोट्या छोट्या क्रिया झाडासारख्या जोडाव्यात, म्हणजे प्रत्येक मटेरियल हवं तसं घडवता येईल. आज आपण जे नोड ओढतो त्यांची ही एक मोठी मुळी. कुठली फांदी कुठून फुटली हे कळण्यासाठीच तर ते झाड काढलं होतं, एवढं मुलांना जरूर सांगा.

एजंट सगळे नोड एकमेकांवर रचतो. काही उपाय?

नोडची खरी रुंदी-उंची ब्लेंडर तो स्क्रीनवर काढताना ठरवतो. एजंट नोड टाकतो त्या क्षणी ते माप नसतंच, म्हणून तो अंदाजाने जागा देतो किंवा देतच नाही आणि सगळे शून्य-शून्यवर पडतात. एकदा स्क्रीन ताजी झाल्यावर मापं वाचून मांड, असं सांगितलं की बरं करतो.

मी सांगत नाही. त्याने टाकलेले नोड मी स्वतः ओढून जागेवर लावते, एकेक. प्रत्येक नोड हातात घेतल्यावर कळतं की हा कशाला आलाय. परवा असाच एक नोड लावायला गेले, एकाने गुणणारा मॅथ नोड. कशासाठी, ते अजून त्याने सांगितलेलं नाही. म्यूट करून ठेवलाय.